लग्न डिसेंबरचं, पावती जानेवारीची

समजा, डिसेंबर २०१७ च्या लग्नासाठी तुम्ही जानेवारीतच नुसता हॉल धरला. भाडं २ लाख, कर वेगळा. ५० हजार आगाऊ दिले, त्यावर १५ टक्के सेवाकर भरला. १ जुलैला जीएसटी आला, दर १८ टक्के. आता जादा किती?

६ हजार म्हणाल तर चुकलात. आगाऊ रकमेवर सेवाकर लागून गेलाय, तेवढ्यावर पुन्हा जीएसटी नाही. वाढ उरलेल्या दीड लाखावर, म्हणजे ४,५०० रुपये. (मीही आधी फक्त लग्नाची तारीख धरून तक्ता भरला होता. सगळा पुन्हा केला.)

करारात ‘करासहित’ असतं तर वाढ हॉलमालकाच्या खिशातून गेली असती. ताटाचा दर पक्का लिहिलेला असेल तर तेल-डाळ महागल्याचा भारही केटररवरच. तेव्हा विदा गोळा करताना लग्नपत्रिका नको, करार आणि पावत्या मागा.