तुंबाडची आजी कागदावरून पडद्यावर कशी आली

हॅरी पॉटरच्या चौथ्या पुस्तकात हॅरीचं नाव अचानक स्पर्धेच्या चषकातून बाहेर पडतं, तेव्हा मुख्याध्यापक डंबलडोर त्याला अगदी शांतपणे विचारतात, नाव तू टाकलंस का? २००५च्या चित्रपटात तेच डंबलडोर तावातावाने येऊन पोराला धरून गदागदा हलवतात. वाचक आजही याची टिंगल करतात. पण अडचण खरी आहे. लेखक एका शब्दात शांतपणा सांगून मोकळा होतो. सिनेमात तो नटाच्या चेहऱ्यावर, चालीत, आवाजात दिसावा लागतो, आणि शांत म्हातारा पाहून प्रेक्षकाला वाटू शकतं की फारसं बिघडलेलं नाही. म्हणून धोका दाखवायला आवाज चढवला जातो.

कागदावरचा सूर पडद्यावर बदलण्याचं आपल्याकडचं याहून चांगलं उदाहरण म्हणजे राही अनिल बर्वे यांचा २०१८चा ‘तुंबाड’. मूळ बीज नारायण धारपांच्या ‘आजी’ कथेत, आणि ‘आजी’ बेतलेली स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वर. नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलं, त्या कादंबरीत चित्रपटातला देवपुत्र हस्तर औषधालाही सापडणार नाही. बर्वेंना ही गोष्ट पहिल्यांदा एका मित्राने १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात सांगितली. म्हणजे कथा कागदावरून थेट पडद्यावर आली नाही, मध्ये ती ऐकवली गेली. ऐकवणारा काय ताणतो, कुठे थांबतो, यानेच निम्मा सूर ठरतो.

किंगच्या कथेत भीती पोराच्या डोक्यात आहे. भाऊ जखमी होतो, आई दवाखान्यात जाते, घरात पोरगा आणि अंथरुणाला खिळलेली आजी. बाकी सगळं त्याच्या मनातलं घोळणं: खोलीत जायचं की नाही, आवाज खरा की भास. कॅमेऱ्याला मनात शिरता येत नाही. म्हणून ‘तुंबाड’ ती भीती वस्तूंवर सोपवतो: साखळ्या, बंद दार, कंदिलाचा अपुरा उजेड, म्हातारीला वेळेवर भरवायचं अन्न. आणि पाऊस.

किनाऱ्यावरच्या माणसाला पावसाची भीती घालणं तसं कठीण. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी झालेली असते, जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला, पाऊस म्हणजे घरात बसायचा काळ. ‘तुंबाड’मधला पाऊस मात्र थांबतच नाही, तो देवांचा कोप आहे, असं कथेतच सांगून टाकलंय. त्यामुळे एकही पात्र ‘मला भीती वाटते’ असं म्हणत नसताना चौकट ओलसर आणि कुजकी राहते. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणाचं हे मोठं काम आहे.

आता खरा बदल. किंगच्या कथेत आजीशी गाठ हा कळस आहे, आणि शेवटी आजीच पोराचा ताबा घेते. ‘तुंबाड’मध्ये तीच गाठ पहिल्याच भागात, १९१८ सालात येते. कळस सुरुवातीला आणला की पुढे काहीतरी उरायला हवं. चित्रपटाचा नायक, लहान विनायक, हस्तरचं नाव घेऊन म्हातारीला झोपवतो आणि वाचतो, पण तिला ठाऊक असलेल्या खजिन्याची हाव त्याच्यात कायमची राहते. पंधरा वर्षांनी तो परततो, तेव्हा त्याच आजीच्या अंगातून झाड उगवलेलं आहे. ती आता अंगावर धावत नाही. सुटका मागते आणि बदल्यात खजिन्याचं ठिकाण सांगते. बाई तीच, पण दहशतीची जागा दयेने घेतली, आणि त्या दयेलाही सौद्याचा वास आहे. मला हा चित्रपटातला सर्वांत धीट प्रसंग वाटतो.

हस्तरही असाच बदलत आलाय. ॲम्ब्रोज बिअर्सच्या एकोणिसाव्या शतकातल्या कथेत तो मेंढपाळांचा भला देव होता. भयकथाकार लव्हक्राफ्टच्या गोतावळ्यात तो भयाण झाला, किंगकडे दरारा बसवणारं नाव उरलं, आणि ‘तुंबाड’मध्ये सोन्यासाठी, अन्नासाठी वखवखलेला देवपुत्र.

तेव्हा सूर बदलला म्हणून चित्रपट फसला असं होत नाही. डंबलडोरचा प्रसंग मला फसलेला वाटतो, कारण त्या धसमुसळेपणाचा पुढच्या कथेला काडीचा उपयोग नाही आणि म्हाताऱ्याचा स्वभाव मात्र बिघडला. ‘तुंबाड’ने आजी बदलली ती विनायकाची हाव उभी करण्यासाठी, आणि पुढची सगळी कथा त्या हावेवरच चालते.