मतचाचणी, निवडणूकपूर्व

निवडणुकीपूर्वी मतदारांच्या एका लहान, पण प्रातिनिधिक नमुन्यास प्रश्न विचारून संपूर्ण मतदारसंघाचा कल अजमावण्याच्या पद्धतीस निवडणूकपूर्व मतचाचणी म्हणतात. मतदान करून बाहेर पडणाऱ्या मतदारांची विचारपूस करून केलेली मतदानोत्तर चाचणी हिच्याहून वेगळी होय. पहिलीत मतदाराचा इरादा मोजला जातो, दुसरीत त्याची कृती.

शास्त्रशुद्ध मतचाचणीचा उदय अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. त्यांपैकी वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने लँडन यांच्या विजयाचे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. मतदारांची नावे मुख्यतः दूरध्वनिधारक व मोटारमालक यांच्या याद्यांतून घेतलेली होती आणि उत्तर पाठविणारे न पाठविणाऱ्यांहून भिन्न मताचे होते. जॉर्ज गॅलप यांनी तुलनेने अगदी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय वर्तविला. नमुन्याच्या आकारापेक्षा त्याची निवड महत्त्वाची, हे तत्त्व यातून रूढ झाले. 1948 मध्ये खुद्द गॅलप यांचेही अनुमान चुकले. मतदानापूर्वी बरेच दिवस आधी चाचण्या थांबविल्यामुळे ट्रूमन यांच्याकडे वळलेले मतदार त्यांतून निसटले.

नमुना यादृच्छिक असल्यास 1,000 मतदारांच्या चाचणीत सु. 3 टक्के अधिक-उणे प्रमाद संभवतो. तो निम्मा करावयाचा तर नमुना चौपट करावा लागतो. हे गणित मात्र निव्वळ यादृच्छिक निवडीपुरतेच खरे आहे. प्रश्नांची शब्दयोजना, मुलाखतकाराची उपस्थिती आणि उत्तर देण्यास नकार यांतून उद्भवणारे दोष त्यात येत नाहीत.

हे दोष ग्रामीण कोकणात विशेष जाणवतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील, भारजा नदीच्या मुखाशी वसलेल्या केळशीसारख्या गावी मतदारयादीवरून नावे निवडली, तरी पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष मुंबईस असतात. मतदान मे महिन्यात आल्यास (2024 मध्ये ते या भागात 7 मे रोजी झाले) सुटीसाठी आलेला प्रत्येक चाकरमानी येथील मतदार असतोच असे नाही. काहींचे नाव मुंबईच्या यादीत असते. होडीवर गेलेला खलाशी दिवसा भेटत नाही. अंगणात शेजारी जमले असता गृहिणी मोकळेपणाने उत्तर देत नाही, किंवा घरातील वडीलधाऱ्यांचेच उत्तर तिचे म्हणून नोंदले जाते. शिवाय वाडीतील मते बहुधा एका दिशेने जातात. एकाच वाडीतील वीस घरे विचारणे म्हणजे वीस स्वतंत्र मते मिळविणे नव्हे. म्हणून अनेक गावांतून थोडी थोडी घरे घेणे अधिक विश्वसनीय ठरते. त्याचा खर्च अर्थात वाढतो.

दापोली विधानसभा मतदारसंघ रायगड लोकसभा मतदारसंघात मोडतो. तेथे 2014 मध्ये अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा 2,110 मतांनी पराभव केला. जवळजवळ दहा लाख मतांच्या तुलनेत हे अंतर कोणत्याही चाचणीच्या प्रमादमर्यादेत लुप्त होते. तटकरे यांच्याशी नामसाधर्म्य असलेल्या एका अपक्ष उमेदवारास या फरकाहून अधिक मते पडली होती. अशी गोष्ट प्रश्नावलीत सापडणे जवळजवळ अशक्यच.

भारतात एरिक द कॉस्टा यांनी 1950 नंतरच्या दशकात दिल्लीच्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन’द्वारे या कामास प्रारंभ केला. दिल्लीतील विकसनशील समाज अध्ययन केंद्राने (स्थापना 1963) 1967 पासून निवडणूक अभ्यास हाती घेतले. 1980 नंतर प्रणय रॉय, अशोक लाहिरी व डेव्हिड बटलर यांनी मतांच्या टक्केवारीस विरोधी पक्षांच्या ऐक्याच्या निर्देशांकाची जोड देऊन जागांचा अंदाज बांधण्याची रीत रूढ केली. ही पायरीच सर्वांत निसरडी आहे. महाराष्ट्रात 2024 च्या लोकसभा निवडणुकीत दोन प्रमुख आघाड्यांच्या मतांतील अंतर जेमतेम एक टक्क्याच्या आसपास होते, पण जागा 30 व 17 अशा विभागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या 288 पैकी 230 जागा महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांस मिळाल्या. तिच्या बहुमताचा अंदाज अनेकांनी वर्तविला होता, विजयाच्या आकाराचा फारच थोड्यांनी.

अमेरिकेतील पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांपूर्वीच्या चाचण्या याहूनही अवघड असतात. सर्व उमेदवार एकाच पक्षाचे असल्याने पक्षनिष्ठेचा आधार राहत नाही, मतदान कमी होते व कोण मतदानास येईल हेच अनिश्चित असते. न्यू हॅम्पशायरमध्ये 2008 साली बहुतेक चाचण्यांनी ओबामा यांना पुढे दाखविले असता हिलरी क्लिंटन विजयी झाल्या. भारतात काँग्रेस पक्षाने 2014 मध्ये लातूरसह मोजक्या मतदारसंघांत उमेदवारनिवडीचा असा प्रयोग केला. तो रुजला नाही.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 126 अन्वये मतदान संपण्यापूर्वीच्या 48 तासांत दूरचित्रवाणीसारख्या माध्यमांतून मतचाचण्यांचे निष्कर्ष दाखविण्यास मनाई आहे. मुद्रित वृत्तपत्रांस ती लागू नाही. मतदानोत्तर चाचण्यांस 2009 च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम 126-अ प्रमाणे सर्व टप्प्यांचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत बंदी असून, उल्लंघनास दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.