राखीव प्रती

घरच्या संगणकात कुटुंबाची छायाचित्रे, पत्रे व हिशेब साठविलेले असतात. संगणक बिघडला, चोरीस गेला किंवा चुकीची आज्ञा दिली गेली, तर हे धन क्षणात नाहीसे होते.

१९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत एका चुकीच्या आज्ञेने ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचा बराचसा भाग पुसला गेला. राखीव प्रत होती; परंतु ती सदोष निघाली. अखेर गॅलिन सुसमन या बाईंच्या घरच्या संगणकावरील प्रत कामी आली.

म्हणून जाणते लोक सांगतात, की मूळ धरून तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी. पहिली संगणकात, दुसरी बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठवणीत. डिस्कवरील प्रत चटकन परत मिळते. घराला आग लागली वा पूर आला, तर दूरची प्रत तारते. काम होताच डिस्क काढून ठेवावी, म्हणजे संगणकात पुढे शिरणारा विषाणू तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

अधूनमधून राखीव प्रतींतील फाइली उघडूनही पाहाव्यात. तहान लागण्यापूर्वीच विहीर खणावी, आणि तिला पाणी आहे ना, हेही पाहून ठेवावे.