थांब्यावर उभा असलेला माणूस आधी

मुंबईत सायकलचा विषय निघाला की महापालिकेला रविवार आठवतो. डिसेंबर २०१७ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपासून वरळीपर्यंत सायकल मार्ग सुरू झाला, तो फक्त रविवारच्या सकाळपुरता. गिरगाव चौपाटीवरून हौशी मंडळी सायकली हाकत गेली, फोटो निघाले. सोमवारी पहाटे त्याच गिरगावात पाव, दूध, वर्तमानपत्र पोहोचवणाऱ्याला आणि दादर स्टेशनबाहेर सायकलला डबे अडकवून निघालेल्या डबेवाल्याला मात्र कोणताच मार्ग नव्हता. वांद्रे-कुर्ला संकुलातला सायकल मार्ग तर काढून टाकून मोटारींचा रस्ता रुंद करायचे २०२५ मध्ये ठरले. सागरी किनारा रस्त्यावर तेरा हजार कोटींहून अधिक रुपये ओतले, तेथील मोटारींच्या मार्गिकांवर सायकलला प्रवेशच नाही!

तेव्हा उद्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर किंवा परळच्या आतल्या रस्त्यांवर कष्टकऱ्यांच्या सायकलसाठी वाट आखायची झाली, तर पहिली अडचण बसथांब्याची येईल. बस डाव्या कडेला थांबते आणि सायकलही डाव्या कडेनेच चालते. नुसता पट्टा रंगवून मोकळे झाले, तर प्रत्येक थांब्यावर बस त्या पट्ट्यात घुसणार आणि सायकलवाला तिला वळसा घालून भर रहदारीत जाणार. बस पट्ट्याबाहेर थांबली, तर उतरणाऱ्याचा पाय थेट सायकलसमोर पडणार. परळला हा पाय कोणाचा असतो? केईएम, टाटा, वाडियाला आलेल्या रुग्णाचा, कडेवर मूल घेतलेल्या आईचा. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. दुप्पट पैसे मोजणाऱ्या या माणसाने अजून रस्त्यात उतरूनच बस पकडायची काय?

नेदरलँडमध्ये सायकलची वाट थांब्याच्या मागून नेतात. ही वाट आणि बस यांच्या मध्ये वीतभर उंचीचा ओटा असतो. प्रवासी ओट्यावरच उभा राहतो, ओट्यावरच उतरतो आणि सायकल त्याच्या पाठीमागून जाते. बसला कडेला वळावे लागत नाही. ओटा एवढा रुंद हवा की चाकाची खुर्ची वळेल आणि संध्याकाळची रांग सायकलच्या वाटेवर सांडणार नाही. ओट्यावरून फुटपाथवर जाण्याच्या जागी सायकलची वाट फुटपाथच्या उंचीला चढवायची, म्हणजे सायकलवाला आपोआप सावकाश होतो. कोपनहेगनमध्ये जागा नसेल तेथे माणसे थेट सायकलच्या वाटेवर उतरतात आणि सायकलवाल्याने थांबायचे, असा कायदा आहे. आपल्याकडे झेब्रा पट्ट्यावर मोटार थांबत नाही. अशा शहरात म्हातारीचा जीव कायद्याच्या एका कलमावर सोपवणे हा शहाणपणा नव्हे.

ओट्यालाही आक्षेप आहे. ब्रिटनमध्ये अंध नागरिकांच्या संघटनांनी अशा थांब्यांना विरोध केला, कारण येणाऱ्या सायकलचा आवाज होत नाही. हा आक्षेप खराच आहे. म्हणून पायाला कळणाऱ्या लाद्या आणि ओलांडण्याची एक ठरलेली जागा आराखड्यातच पाहिजे, ‘पुढे बघू’ म्हणून ठेवता कामा नये.

मग जागा कुठून आणायची, असे साहेब लोक विचारतील. फुटपाथ कापून नाही आणि फेरीवाल्याला हुसकून तर मुळीच नाही. कडेला उभी केलेली मोटार साधारण दोन मीटर रुंदी अडवते. ओट्याला जवळपास तेवढीच लागते. ६ डिसेंबरला शिवाजी पार्क परिसरातली वाहने वळवली जातात, तेव्हा मुंबई बंद पडत नाही. मोटारीला बाजूला सरकवता येते, हे पोलीस खात्यालाही ठाऊक आहे.

पहिला ओटा केईएमजवळच्या थांब्यावर बांधावा. आराखडा कंत्राटदाराच्या हाती जाण्यापूर्वी मराठीत त्याच थांब्यावर लावावा आणि बेस्टचे चालक-वाहक, डबेवाले, अंध प्रवासी व रुग्णांचे नातेवाईक यांना तेथेच उभे राहून विचारावे. कोणत्या दाराशी धक्काबुक्की होते आणि पावसात पाणी कुठे तुंबते, हे त्यांनाच माहीत आहे.