मोटारसायकलचा पहिला अपघात आणि त्यानंतरचे दोन दिवस

मुलगा 18 वर्षांचा झाला, लायसन्स हातात आले आणि महाडच्या एमआयडीसीत नोकरी लागली, की घरात मोटारसायकल येते. एसटीच्या वेळा पाळीच्या वेळांशी जुळत नाहीत, त्यामुळे आपल्या पोलादपूर-महाड भागात गाडी ही आता चैन राहिलेली नाही. गाडी आली की बहुतेकांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा पहिली पडझड येतेच. आमच्या दवाखान्यात येणारे नवशिके मात्र आंबेनळी किंवा कशेडी घाटात पडलेले क्वचितच असतात. घाटात मुलगा घाबरून, जपून चालवतो. तो पडतो तो महाबळेश्वर फाट्याजवळ, बाजारात, स्टँडसमोर, म्हणजे ज्या रस्त्याची त्याला भीती उरलेली नाही तेथे.

दवाखान्यात आल्यावर त्याची दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, "डॉक्टर, माझी काही चूक नव्हती, पुढचा मिनिडोरवाला अचानक थांबला." दुसरे, "मला काही झालेले नाही, फक्त खरचटले आहे." ही दोन्ही वाक्ये तपासून घ्यावी लागतात. आधी दुसरे घेऊ, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा संध्याकाळी पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. क्षणभर भोवंडले, पण उठला, कपडे झटकले, लोकांनी दिलेला चहा प्याला आणि स्वतः गाडी चालवत घरी गेला. रात्री त्याला दोनदा उलटी झाली, डोके ठणकू लागले आणि बोलणे तुटक, असंबद्ध येऊ लागले. घरचे म्हणाले, घाबरला आहे, झोपू द्या. आई मात्र ऐकेना. तिने त्याला उठवून आणले. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचले होते. वेळेत शस्त्रक्रिया झाली म्हणून तो आज कामावर जातो.

या दुखण्याचा कावा असा की सुरुवातीला माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. कानाच्या वरच्या बाजूला कवटीचे हाड पातळ असते आणि त्याला चिकटूनच एक रक्तवाहिनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटते. रक्त हळूहळू साचते, काही तास काहीच जाणवत नाही, आणि मग मेंदूवर दाब येऊ लागतो. मेंदूची शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय आपल्यापासून काही तासांच्या वाटेवर असते, हे लक्षात घेतले तर पहिल्या उलटीलाच निघणे किती महत्त्वाचे आहे ते कळेल. डोक्याला मार लागलेल्या माणसाला पहिली रात्र आणि पुढचा दिवस, शक्यतो पूर्ण 48 तास, एकटे ठेवू नये. झोपू द्यावे, पण पहिल्या रात्री दर दोन-तीन तासांनी उठवून नाव, वार विचारावा. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, उठवूनही न उठणे, एका हातापायातली शक्ती कमी होणे, झटका येणे, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. आणि तोंडाला दारूचा वास आहे म्हणून "चढली आहे, उतरेल" असे ठरवून मोकळे होऊ नये. प्यालेल्या माणसाच्याही डोक्यात रक्त साचते, किंबहुना त्याचे निदान उशिरा होते.

पोटाचेही असेच आहे. हँडलचे टोक डाव्या बरगडीखाली रुतले तर वर नुसता वळ दिसतो आणि आत प्लीहा फाटलेली असते. पोट दुखत राहणे, चक्कर, घाम, डाव्या खांद्यात विनाकारण दुखणे ही तिची चिन्हे. पडताना माणूस हात टेकतो, त्यात मनगटातले होडीच्या आकाराचे लहान हाड मोडते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर पहिला एक्स-रे साधा आला तरी समाधान मानू नये, दहा-बारा दिवसांनी पुन्हा काढावा. हाडवैद्याकडे चोळून घेण्याने हे हाड जुळत नाही, उलट आयुष्यभराचे मनगट जाते.

खरचटलेल्या जागेबद्दल थोडेच सांगतो. वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने माती, खडी पूर्ण धुऊन काढणे हेच अर्धे औषध. हळद, चहापूड, टूथपेस्ट काहीही भरू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाच वर्षे होऊन गेली असतील तर ते घ्यावे. सायलेन्सरने भाजल्यास जागा वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावी.

आता "माझी चूक नव्हती" हे वाक्य. ते बहुतेक वेळा खरेही असते. मिनिडोर प्रवासी दिसला की थांबतो, हे पोलादपुरात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मग प्रश्न असा की मागच्याला ते ठाऊक असताना तो इतक्या जवळ का होता? ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक ते दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी एका एसटीच्या लांबीइतकी, कधी दीडपट, पुढे गेलेली असते. वेग 40 वरून 60 वर नेला तर धडकेतला जोर दीडपट नव्हे, सव्वादोन पट होतो.

दुसरा प्रकार समोरून वळणाऱ्या मोटारीचा. चालक शपथेवर सांगतो, "मला दिसलाच नाही." तो नेहमी खोटे बोलत नसतो. मोटारसायकल समोरून अरुंद दिसते, तिचा वेग डोळ्याला नीट जोखता येत नाही. 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही जळत ठेवला आहे तो यासाठीच. ज्यांच्या जुन्या गाड्या आहेत त्यांनी तो हाताने लावावा.

पावसाळ्यात तिसरी गोष्ट मिळते. शेताच्या बांधावरून ट्रॅक्टर रस्त्यावर आला की लाल चिखल पसरतो, आणि घाबरलेला मुलगा पुढचा ब्रेक गच्च आवळतो. चाक अडकते, गाडी आडवी. गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, म्हणून तो वापरायचा नाही असा धडा घेणे चुकीचे. तो हळूहळू दाबायचा असतो, मागच्यासह. 2019 पासून नव्या गाड्यांत 125 सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली जोडब्रेक आले, पण अंतर राखायचे काम अजून माणसाकडेच आहे.

पडल्यानंतर आठवडाभर झोप न लागणे, हॉर्न ऐकून दचकणे हे स्वाभाविक आहे. महिनाभरात कमी झाले नाही तर डॉक्टरांना सांगावे, त्यात लाज नाही. वडिलांनी किल्ली कायमची काढून घेणे मला पटत नाही. मुलगा मित्राची गाडी घेतो आणि न सांगता घेतो. दुखणे पूर्ण थांबले, मान आणि मनगट मोकळे फिरू लागले, की मोकळ्या मैदानात नेऊन ताशी 20 च्या वेगाने ब्रेकचा सराव करवून घ्यावा. तीव्र वेदनाशामक किंवा सर्दीच्या गोळीने गुंगी येत असेल त्या दिवशी गाडीला हात लावू नये. गळ्याजवळचे हाड मोडले असल्यास डॉक्टर सांगेपर्यंत थांबावे, साधारण सहा आठवडे तरी.

रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर 108 ला फोन करावा. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेल्या कलमामुळे मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. जखमीला उठवून बसवू नये, पाणी पाजू नये, रिक्षात दुमडून कोंबू नये. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये.

आणि त्या हेल्मेटचे पुढे काय करायचे? जोराचा मार खाल्लेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दबतो आणि पुन्हा फुगत नाही. ते धाकट्या भावाला देऊ नये. मोडून टाकावे आणि आयएसआय छापाचे नवे, हनुवटीखाली पट्टा घट्ट बसणारे घ्यावे.