आभासी चलन : गमावलेल्या ठेवीने शिकविलेला हिशेब

नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनचा भाव सुमारे ६९ हजार डॉलरपर्यंत चढला होता. त्याच महिन्यात आम्ही उभयतांनी मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी राखून ठेवलेली ४ लाख रुपयांची मुदत ठेव मोडली आणि ती रक्कम आभासी चलनांत घातली. वर्षभराने तोच भाव १६ हजार डॉलरच्या खाली आला होता आणि आमच्यापाशी ८० हजार रुपये उरले होते. हे सांगण्यात भूषण नाही. परंतु त्यानंतर आम्ही जो हिशेब शिकलो, तो आधी कुणी समजावून दिला असता तर बरे झाले असते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम नुकसानीचे अंकगणित पाहू. शंभरातले दहा रुपये गेले, तर ते भरून निघण्यास उरलेल्या नव्वदांवर सुमारे ११ टक्के नफा पुरतो. पन्नास गेले, तर १०० टक्के नफा हवा. ऐंशी गेले, तर उरलेल्या रकमेची पाचपट व्हावी लागते. आमची निम्मी रक्कम गेली तेव्हा हे ध्यानी आले नाही. गेलेले लवकर परत मिळविण्याच्या घाईत आम्ही दसपट लिव्हरेजचे सौदे केले, म्हणजे १० हजारांच्या तारणावर १ लाखाची खरेदी. अशा सौद्यात भाव जेमतेम दहा टक्के उतरला की तारण संपते आणि सौदा आपोआप बंद केला जातो. सकाळी भाव पुन्हा वर आला, तरी आपला त्याच्याशी संबंध उरलेला नसतो. आमच्या बाबतीत असे दोनदा घडले. दोन्ही वेळा आम्ही झोपेत होतो.

भाव कुठे जाईल हे जाणकारांनाही सांगता येत नाही. आपण किती गमावू शकतो, एवढे मात्र खरेदीपूर्वी ठरविता येते. अनुभवी व्यापारी एका सौद्यात भांडवलाच्या एक-दोन टक्क्यांहून अधिक जोखीम घेत नाहीत. समजा, भांडवल २ लाख आहे आणि एका सौद्यात १ टक्का, म्हणजे २ हजार रुपये गमावण्याची तयारी आहे. भाव दहा टक्के उतरल्यास बाहेर पडायचे ठरविले, तर खरेदी २० हजारांचीच करावी. लागोपाठ दहा सौदे चुकले, तरी सुमारे १ लाख ८० हजार शिल्लक राहतात. प्रत्येक वेळी भांडवलाचा पाचवा हिस्सा गमावणाऱ्यापाशी मात्र दहा सौद्यांनंतर साडेएकवीस हजारही उरत नाहीत.

स्टॉप लॉसची सूचना नोंदविणे आवश्यकच. परंतु तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. हा बाजार रात्रंदिवस चालतो आणि पडझडीत भाव ठरविलेल्या आकड्यावरून थेट खाली उडी घेतो. मे २०२२ च्या आरंभी ऐंशी डॉलरच्या आसपास असलेले लुना हे चलन काही दिवसांतच एका सेंटच्याही खाली गेले.

याशिवाय भावाशी संबंध नसलेलीही जोखीम असते. एफटीएक्स या मोठ्या एक्सचेंजने ११ नोव्हेंबर २०२२ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. जुलै २०२४ मध्ये भारतातील वझीरएक्समधून २३ कोटी डॉलरच्या आसपास मालमत्ता चोरीस गेली आणि ग्राहकांना आपली चलने वर्षाहून अधिक काळ काढता आली नाहीत. बँकेतील ठेवीला विम्याचे संरक्षण असते. येथे तसे काही नाही. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर लागतो, आणि एका चलनातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही, की पुढील वर्षी ओढता येत नाही. म्हणजे दोन सौद्यांत मिळून हाती काही न उरूनही कर भरावा लागू शकतो! आम्हांला हे विवरणपत्र भरताना कळले.

मुलीच्या शिक्षणाचे शुल्क अखेर कर्ज काढून भरले. त्याचा हप्ता दरमहा जातो. उरलेले ८० हजार आम्ही पुन्हा मुदत ठेवीत ठेवले. व्यवहारासाठी आता वेगळे खाते आहे. त्यात पूर्ण बुडाले तरी घरखर्चाला झळ लागणार नाही एवढीच रक्कम असते. शेजारी एक वही असते. खरेदीपूर्वी तीत चलनाचे नाव, रक्कम, बाहेर पडण्याचा भाव आणि संभाव्य तोटा लिहायचा आणि दोघांनी सही करायची, असा आमचा नियम आहे. गेल्या तीन महिन्यांत वहीचे एकही पान उलटलेले नाही.