बारा मोटांची विहीर

संपादकांची फर्माईश होती ती विहिरीतील महालाविषयी लिहिण्याची. साताऱ्याच्या उत्तरेस, महामार्गापासून थोडे आत, लिंब गावच्या शिवारात असलेली ही विहीर शाहू महाराजांच्या अंतःपुरात ज्यांचा शब्द चाले त्या वीरूबाई भोसले यांनी शके 1641 ते 1646, म्हणजे इ. स. 1719 ते 1724 या काळात बांधविली. खोली सुमारे 110 फूट, व्यास 50 फूट. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून दुसरी लहान, आणि दोहोंच्या मध्ये कोरीव स्तंभांचा तो प्रसिद्ध महाल, जेथे खलबते होत असे परंपरा सांगते. पाहुणे महाल पाहून परततात. आमचे मन मात्र काठावरील मोटांच्या जागांपाशी अडकून राहिले. जागा 15 आहेत, पैकी 12 मोटा एका वेळी चालत. वास्तूला लोकांनी नाव दिले ते बांधविणारीचे नव्हे, महालाचेही नव्हे, तर या मोटांचे, आणि आमच्या मते तोच न्याय योग्य आहे.

कारण मोट हे यंत्र दिसते तितके भोळे नाही. चामड्याच्या पिशवीच्या तोंडाला लोखंडी कडे, त्याला बांधलेला जाड नाडा वरच्या चाकावरून जातो. पिशवीच्या सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर खालच्या रुळावरून जातो. आणि दोहोंची लांबी अशी बेतलेली असते, की मोट वर येईपर्यंत सोंड तोंडाच्या बरोबरीने उभी राहून पाण्याचा थेंब सांडू देत नाही, आणि काठाशी येताच तोंड चाकाकडे चढत असताना सोंड मात्र बाहेर ओढली जाऊन थारोळ्यात आपोआप रिती होते. बैल भरलेली मोट ओढतात ते उताराच्या धावेवर, म्हणजे त्यांचे स्वतःचे वजनही कामी येते. मोटकरी नाड्यावर बसून आपले वजन त्यात घालतो, आणि मोट रिती झाली की तेच बैल उलट्या पावली धाव चढून येतात. थारोळ्यातून पाटात, पाटातून आमराईत, असा पाण्याचा प्रवास. ज्या कोणा अज्ञात कारागिराला दोन दोरांच्या लांबीतील हा हिशेब प्रथम सुचला, त्याच्या बुद्धीपुढे महालाचे नक्षीकाम आम्हांस किंचित फिके वाटते.

बारा मोटा म्हणजे निदान बारा बैलजोड्या, तितकेच हाकणारे. शिवाय मोट शिवणारा चांभार, नाडे वळणारा मांग, चाक घडविणारा सुतार. अशा विहिरी साऱ्या गावाच्या श्रमावर चालत; पण ज्याच्या हातचे कातडे पाण्यात बुडे, त्याच्या घागरीला त्याच काठावर मज्जाव असे. जोतीराव फुल्यांनी 1868 साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे या इतिहासाच्या सन्निध लिहिल्यावाचून राहवत नाही.

आता धावा मोकळ्या आहेत. आधी तेलाच्या इंजिनाने, मग विजेच्या पंपाने मोट निकामी केली. त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही, कारण बैलांचे व माणसांचे ते कष्ट अमानुष होते. खरी चिंता निराळी आहे. विंधन विहिरी आता कितीतरी खोल जातात. 2009 च्या भूजल अधिनियमाने 60 मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घातले, म्हणजे कायद्याची मर्यादाच लिंबच्या विहिरीच्या जवळजवळ दुप्पट खोल! उपसा जमिनीखाली गेल्यावर तो शेजाऱ्याला दिसत नाही. काठावर मात्र कोणाची मोट किती वेळ चालली हे सर्वांना दिसे, आणि त्यावर भांडणही उघड होई. जुन्या विहिरी आटल्या, की त्यांत केरकचरा लोटण्यास आमचे लोक मागेपुढे पाहत नाहीत. आणि जी वास्तू वाचते तिची छायाचित्रे पुष्कळ निघतात, पण मोट कशी चालते हे पाहण्याची सोय मात्र क्वचितच आढळते. नाडा-सोंदूर बेतणारे हात वयोवृद्ध झाले आहेत. तेव्हा संवर्धनाची तजवीज करणाऱ्या अधिकाऱ्यांस एवढीच विनंती, की दगडांच्या डागडुजीबरोबर अंदाजपत्रकात एका चालत्या मोटेचाही खर्च धरावा, आणि तो याच वर्षी धरावा.